सोलापूर ते कन्याकुमारी गाडीने: मधली गावं कोणती, आणि तिथं किती वाजता पोहोचायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरहून स्वतःच्या पेट्रोल गाडीने कन्याकुमारीला जायचंय. बारा दिवस हाताशी आहेत. गाडीत तुम्ही दोघं, दोन मुलं आणि अडुसष्ट वर्षांच्या आई. विजापूर, हंपी, म्हैसूर, मदुराई पाहून झालंय. रोज पाचशे किलोमीटर कापत वाटेत लागतील तशी कमी गर्दीची गावं बघायची आहेत, तर ती कोणती?

नावं सांगतोच, पण अडचण नावांची नाही, पाचशे किलोमीटरची आहे. इतकं अंतर धरलं की कुठलंही छोटं गाव दुपारी बारा ते तीनमध्येच वाट्याला येतं. कर्नाटकात त्या वेळी दगड तापलेला असतो आणि तामिळनाडूत देवळाचं दार बंद असतं. मग पोरं गाडीतून उतरत नाहीत, आई सावली शोधते, आणि 'इथं काही नव्हतंच' म्हणून गाडी पुढं निघते. म्हणून रोजची सरासरी अडीचशे ते तीनशे धरा. जाताना एखाद्याच दिवशी चारशे, परतीला थोडं जास्त, आणि त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका. जिथं मुक्काम, तिथलं पहाटे बघायचं, आणि पुढच्या मुक्कामाजवळचं चारनंतर. थेट रस्त्याने एकेरी अंतर साधारण तेराशे किलोमीटर आहे. आडवाटा धरून जाऊन-येऊन तीन हजार होतील. बारा दिवसांत हे आरामात बसतं.

दुसरी गोष्ट सुट्टीची. दिवाळी म्हणजे आपल्याकडे पाऊस संपलेला, पण तामिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातच, ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. कुंभकोणम-तंजावूरचा कावेरीचा पट्टा तेव्हा चार-चार दिवस पाण्यात असू शकतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलैचे यात्रेकरू कन्याकुमारीलाही येतात, त्यामुळे तिथल्या लॉजवर गर्दी असते. मुलांच्या शाळेचं जमत असेल तर सोलापूरची गड्ड्याची जत्रा उरकून, पोंगलची सुट्टी ओसरल्यावर, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघा. मात्र पौष पौर्णिमेला बदामीजवळ बनशंकरीची जत्रा असते. ती तारीख बघूनच पहिला मुक्काम ठरवा. दिवाळीच हवी असेल तर कुंभकोणमच्या खोल्या रद्द करता येतील अशाच घ्या आणि एक दिवस मोकळा ठेवा.

गाडीचं काम निघायच्या आदल्या दिवशी करू नका. सर्व्हिसिंग आठवडाभर आधी करून घ्या आणि मग शे-दीडशे किलोमीटर गावात फिरवा. सैल राहिलेला पाइप किंवा चुकीचा बसवलेला ब्रेक पॅड तेवढ्यात कळतो. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर हवेच्या दाबाचं स्टिकर असतं, त्यातला पूर्ण भाराचा आकडा धरा आणि सकाळी टायर थंड असतानाच भरा. पाच माणसं आणि बॅगा असताना रोजच्या कमी दाबावर गेलात तर टायरची बाजू जास्त वाकते आणि तापते. स्टेपनीत हवा आहे का, हे बहुतेक जण पंक्चर झाल्यावरच बघतात. जॅक आणि पाना सामानाखाली गाडला जाणार नाही असं बघा.

पेट्रोल सोलापुरात अर्धी टाकीच ठेवा. भीमा ओलांडून धूळखेडला कर्नाटक लागलं की दर कमी होतो, तिथं फुल्ल करा. सोळाचं ॲव्हरेज धरलं तर पूर्ण प्रवासाला सुमारे १९० लिटर लागेल. टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास घेऊन टाका. १५ ऑगस्ट २०२५ पासून तो ३,००० रुपयांत, दोनशे फेऱ्या किंवा एक वर्ष यांतलं जे आधी संपेल तोवर, असा सुरू झाला. तो फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. बंगळूरच्या बाहेरून नेणाऱ्या खासगी नाईस रस्त्यावर चालत नाही, तिथं वेगळे पैसे जातात आणि ते थोडे नसतात.

आता रस्ता. पहाटे पाचला निघालात तर विजापूर पावणेसातला येतं. थांबू नका, ते आपल्याला एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. तिथून राष्ट्रीय महामार्ग ५० धरा, आलमट्टीजवळ कृष्णा ओलांडा आणि हुनगुंदला उजवीकडे अमीनगडकडे वळा. आईंना बसवेश्वरांचं कूडलसंगम, म्हणजे कृष्णा-मलप्रभेचा संगम, बघायचं असेल तर ते हुनगुंदच्या अलीकडे, हायवेपासून थोडंच आत आहे. तासभर जास्त धरा. अमीनगडला करदंट घ्या. डिंक, गूळ आणि सुकामेव्याची ही वडी गाडीत आठ दिवस टिकते.

ऐहोळेला साडेनऊच्या सुमारास पोहोचाल. बदामी आणि पट्टदकल सगळे करतात, ऐहोळेला बस अर्धा तास थांबवतात. माझ्या मते उलट करायला हवं. गावात आणि आसपास शंभरावर देवळं आहेत, आणि देऊळ कसं बांधायचं याचे प्रयोग इथं एकाच ठिकाणी दिसतात. लाडखान देवळाचं छप्पर दगडी फळ्यांचं, उतरतं, लाकडी घरासारखं आहे. दुर्ग देवळाची मागची बाजू अर्धगोल आहे, आणि त्याच्या नावातला दुर्ग म्हणजे किल्ला, देवी नव्हे. मग मुलांना घेऊन मेगुती टेकडी चढा. वरच्या जैन देवळाच्या भिंतीवर रविकीर्ती या कवीचा इ. स. ६३४ चा शिलालेख आहे. बदामीचा चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन 'महाराष्ट्रकां'चं स्वामित्व मिळवलं, असं त्यात म्हटलंय. आईंना पायऱ्या नको असतील तर त्या खाली दुर्ग देवळाच्या आवारात झाडाखाली बसू शकतात. जेवणाची सोय ऐहोळेत बेताचीच आहे, तेव्हा पहिल्या दिवसाचा डबा घरचा घ्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणीला काही होत नाही. दुपारी चौदा किलोमीटरवर पट्टदकल, तिथून बावीसवर बदामी, मुक्काम तिथंच.

घरात लग्नकार्य असेल तर या पट्ट्यात दोन गावं खरेदीची आहेत. बदामीपासून वीसेक किलोमीटरवर गुळेदगुड्ड, आपल्याकडच्या चोळीच्या खणांचं गाव. दुसरं इलकल, हुनगुंदच्या पुढं हायवेवरच. खरी इलकल ओळखायची ती पदर जिथं अंगाला जोडतो तिथं. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा फास घालून, धाग्याला धागा अडकवून जोडलेला असतो, त्याला कोंडी म्हणतात. दर साडीला हे नव्याने करावं लागतं, म्हणून माग एका साडीपुरताच भरतात. त्या रेषेत फास दिसत नसतील तर साडी यंत्रमागाची आहे, मग किंमतही तशीच द्या. पदर रेशमाचा आहे की रेयॉनचा, हे वेगळं विचारा. मागावर वाढलेल्या सोलापूरकराला हे जास्त सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे बदामीचं अगस्त्य तळं आणि काठावरचं भूतनाथ देऊळ बघून साडेसातला निघा. गदग सत्तर किलोमीटर, आणि तिथून बारावर, हुबळी-होसपेट रस्त्यालगतच लक्कुंडी. या प्रवासात एकच आडगाव जमणार असेल तर मी हे निवडेन. चालुक्यांचा बदामीकडचा दगड लाल वालुकाश्म, दाणेदार. लक्कुंडीला पोहोचेपर्यंत दगड बदलतो. हा हिरवट-करडा दगड खाणीतून काढल्यावर मऊ असतो, म्हणून काशीविश्वेश्वराच्या दारावरचं काम दागिन्यासारखं बारीक करता आलं. अत्तिमब्बे या जैन श्राविकेने १००७ साली बांधवलेलं ब्रह्मजिनालय गावातच आहे, आणि माणिकेश्वराशेजारची पायऱ्यांची विहीर मुलांना देवळांपेक्षा जास्त आवडेल. देवळं घरांमधून विखुरलेली आहेत, त्यामुळे गाडी एका जागी लावून चालतच फिरा. एखादं कुलूपबंद दिसलं तर पुरातत्त्व खात्याच्या राखणदाराला विचारा, किल्ली त्याच्याकडे असते. पुढं कुकनूरजवळ इटगीचं महादेव मंदिर आहे, चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या महादेव नावाच्या सेनापतीने १११२ साली बांधलेलं. वेळ असेल तर वळा, नसेल तर होसपेटवरून सरळ चित्रदुर्ग गाठा.

या दोन दिवसांत रस्त्यावर तीन गोष्टी सांभाळा. ऊस सुरू झाला की ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि मागं दिवा नसतो, म्हणून अंधार पडल्यावर गाडी चालवूच नका. तूर, ज्वारी मळणीसाठी डांबरावर पसरलेली असते. काड गाडीखाली सायलेन्सरजवळ गुंडाळलं गेलं तर तापून पेट घेऊ शकतं, तेव्हा त्यावरून जावंच लागलं तर पुढं थांबून वाकून बघा. आणि पाऊस झालेला असेल तर काळ्या मातीच्या साइडपट्टीवर चाक उतरवू नका, बाहेर काढायला ट्रॅक्टरच लागतो. मॅप तीन मिनिटं वाचवायला शेतातल्या रस्त्यावर घालतो, त्याचं ऐकू नका, महामार्गाचा नंबर धरून चला.

चित्रदुर्गचा सात तटांचा किल्ला तिसऱ्या दिवशी अगदी सकाळी बघा. हैदर अलीच्या सैनिकांना मुसळाने रोखणाऱ्या ओबव्वाची खिंड मुलं विसरणार नाहीत. नऊच्या आत खाली या, कारण जातानाचा चारशेचा दिवस हाच. तुमकूर, नाईस रस्ता, होसूर, कृष्णगिरी, आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग ७७ ने तिरुवण्णामलै. पौर्णिमेला तिथं गिरिप्रदक्षिणेला लाखो माणसं असतात. ती रात्र टाळा, नाहीतर खोली मिळणार नाही आणि गाडीही आत जाणार नाही.

होसूर ओलांडलं की दिवसाचं वेळापत्रक उलटं करायचं. कर्नाटकातली ही देवळं पुरातत्त्व खात्याची, बहुतेक दिवसभर उघडी. तामिळनाडूतली पूजेची देवळं साधारण साडेबारा ते चार बंद असतात. म्हणजे दुपार गाडी चालवायला आणि सकाळ-संध्याकाळ बघायला. जेवणाचंही तसंच, थाळी म्हणजे 'मील्स' बारा ते तीनच मिळतं, त्यानंतर रात्रीपर्यंत इडली-डोशावर भागवावं लागतं. उत्तर कर्नाटकातल्या खानावळीची सवय असलेल्यांची इथंच फसगत होते. हिंदी फारशी चालत नाही, गावाचं नाव मात्र तिथल्या उच्चारात सांगा. आपण जिंजी म्हणतो, तिथं 'सेंजी' म्हणतात.

जिंजी तिरुवण्णामलैपासून चाळीसेक किलोमीटर. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेला, पुढं राजाराम महाराजांना आसरा दिलेला आणि १६९० ते १६९८ असा जवळजवळ आठ वर्षं मोगलांचा वेढा झेललेला हा किल्ला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले आले, त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. तरीही आपल्याकडची माणसं तिथं क्वचितच दिसतात. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या तटाने जोडल्या आहेत. राजगिरी चढायला दीड तास, उतरायला एक. दार उघडताच सुरुवात करा, कारण उशिरा आलेल्यांना वर सोडत नाहीत आणि दहानंतर कातळ भाजतो. माणशी दीड लिटर पाणी घ्या. खाणं हातात दिसलं की माकडं पिशवी ओढतात. आईंसाठी खाली कल्याण महाल, धान्यकोठारं आणि वेंकटरमण मंदिर पुरेसं आहे.

दुपारी विळुप्पुरमवरून कुंभकोणम, सुमारे एकशे साठ किलोमीटर. चारनंतर तिथून अगदी जवळचं दारासुरम गाठा. दुसऱ्या राजराज चोळाचं ऐरावतेश्वर मंदिर तंजावूरच्या मोठ्या देवळाइतकं उंच नाही, पण जवळ जाऊन बघायला सरस आहे, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं. तंजावूर तुमच्या यादीत नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी तीन तास तरी द्या. बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतीवर तंजावूरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे. तो विचारून शोधावा लागतो.

तिथून पुदुकोट्टै, तिरुमयमचा छोटा किल्ला आणि संध्याकाळी चेट्टिनाडातलं कारैकुडी. चेट्टिनाड म्हणजे एक गाव नव्हे, सत्तरेक गावांचा मुलूख आहे. कारैकुडीत गर्दी आहे, त्यापेक्षा जवळच्या कानाडुकात्तानमध्ये राहा. व्यापारासाठी ब्रह्मदेश, मलायाला गेलेल्या चेट्टियारांनी ब्रह्मी सागाचे खांब आणून एका रस्त्यापासून दुसऱ्या रस्त्यापर्यंत लांबलेले वाडे बांधले. बरेच कुलूपबंद असतात, काही थोडे पैसे घेऊन दाखवतात. आत्तंगुडीत फरशीचा कारखाना नक्की बघा. काचेच्या तुकड्यावर साचा ठेवून त्यात रंगीत सिमेंट ओततात, वर वाळू-सिमेंट, दाबून पाण्यात मुरवतात, आणि काच काढली की तोंड आपोआप चकचकीत. भट्टी लागत नाही. नेण्याचा मोह होईल, पण डिकीतल्या वजनाचा विचार करा.

सहाव्या दिवशी सहाला निघून मदुराईला वळसा घालून कोविलपट्टी, आणि तिथून वीसेक किलोमीटर आत कळुगुमलै. डोंगर वरून खाली कोरत आणलेलं वेट्टुवान कोविल हे पांड्यांच्या काळातलं, आठव्या शतकातलं देऊळ आहे. वेरूळच्या कैलासाची पद्धत, आकाराने कितीतरी लहान आणि अर्धवट सोडलेलं. अर्धवट असल्यामुळेच काम कुठून सुरू करत हे मुलांना दाखवता येतं. बाजूला कातळावर जैन तीर्थंकरांच्या ओळीच्या ओळी आहेत. साडेअकराच्या आत खाली उतरा. परत हायवेला लागताना कोविलपट्टीची शेंगदाणा चिक्की घ्या आणि शेंगाचटणीवाल्यांनी ती खाऊन आपलं मत बनवावं.

कन्याकुमारीबद्दल मी वेगळं सांगत नाही, फक्त पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा सोमवारी बंद असतो, तेवढं बघून सातवा दिवस ठरवा.

परतीला आठव्या दिवशी नामक्कल, नवव्या दिवशी तुमकूर. दहाव्या दिवशी महामार्ग ४८ ने चित्रदुर्गपर्यंत येऊन होळलकेरेवरून चन्नगिरीकडे वळा. तिथं होदिगेरे नावाच्या खेड्यात शहाजीराजांची समाधी आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचा अंत इथं झाला. पाटी चुकते, तेव्हा चन्नगिरीतच विचारून घ्या. त्याच तालुक्यात संतेबेन्नूरची पुष्करणी आहे, पाण्याच्या मधोमध मंडप असलेली. संध्याकाळी तिथं आणि मुक्कामाला दावणगेरे.

अकराव्या दिवशी शेवटचा टप्पा, हुबळीवरून साधारण चारशे चाळीस किलोमीटर. हुबळीच्या पुढं विजापूरपर्यंत बराच रस्ता दोनपदरी आहे, पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायची घाई करू नका. अकरा दिवसांत घरी पोहोचलात की बारावा दिवस राखीव उरतो. पावसाने कुठं अडकलात किंवा आई दमल्या तर तो वापरा. कोल्हारला कृष्णेचा पूल आला की रस्त्याकडेला मातीच्या मडक्यातलं दही मिळतं. मडकं पायाशी, दोन बॅगांच्या मध्ये उभं ठेवा, डिकीत ते सोलापूरपर्यंत टिकत नाही. आणि धूळखेडला टाकी पुन्हा भरून मगच भीमा ओलांडा.